बंदरांतील फितुरी आणि अमली पदार्थांची तस्करी

कोकेन हे दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांपासून तयार होते. कोलंबिया, पेरू आणि बोलिव्हिया येथून निघालेली ही भुकटी फळांच्या कंटेनरमध्ये दडवून युरोपात उतरविली जाते. बेल्जियममधील अँटवर्प व नेदरलँड्समधील रॉटरडॅम ही तिची प्रमुख प्रवेशद्वारे होत. एकट्या अँटवर्प बंदरात २०२३ साली सुमारे ११६ टन कोकेन पकडण्यात आले.

तस्करीची रीत

प्रामाणिक व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये त्याच्या नकळत पिशव्या ठेवून बनावट सील लावले जाते. माल पोहोचताच गोदीतील एखाद्या कामगारास वा कारकुनास फितवून कंटेनरची जागा व तो सोडविण्याचा गुप्त क्रमांक मिळविला जातो. जो पैशाला बधत नाही, त्याला धमकावले जाते. गोदीत घुसून पिशव्या बाहेर काढण्याच्या कामी कोवळ्या वयाची मुले जुंपली जातात. या व्यापाराशी निगडित मानल्या गेलेल्या गोळीबारात जानेवारी २०२३ मध्ये अँटवर्प येथे ११ वर्षांच्या एका बालिकेचा बळी गेला.

आपल्या दाराशी

हे संकट दूरचे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या फळांच्या कंटेनरमधून सुमारे ५० किलो कोकेन जप्त केले. समुद्रापासून दूर असलेली शहरेही निर्धास्त राहू शकत नाहीत. अरेरा कॉलनीसारख्या शांत वसाहतींच्या भोपाळ शहराजवळ, बगरोदा औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये छापा घालण्यात आला. तेथे घन व द्रव मिळून ९०७ किलो मेफेड्रोन हा कृत्रिम अमली पदार्थ सापडला.

कायदा आणि कर्तव्य

१९८५ च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यानुसार १०० ग्रॅम कोकेन हे व्यापारी प्रमाण ठरते. त्याहून अधिक साठ्यासाठी १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड होतो. मात्र स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, कलम ६४-अ अन्वये खटल्यापासून संरक्षण मिळते. शिक्षकांनी ही तरतूद पालकांना समजावून सांगावी; भीतीपोटी आजार लपविला जाऊ नये.

बंद पडलेल्या कारखान्यात वा भाड्याच्या गोदामात रात्रीची वर्दळ, उग्र रासायनिक वास किंवा मुलांच्या हाती अचानक आलेला पैसा दिसल्यास १९३३ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. बंदर असो वा गाव, तस्करांची वाट फितुरीनेच मोकळी होते. ती रोखणे जागरूक कर्मचारी व नागरिक यांच्याच हाती आहे.