धम्म अभ्यास : आधी वस्त्र, मग उपदेश

उपासक-उपासिकांनो,

आळे गाव ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याला लागूनच आंबेगाव तालुका आहे. तेथे ३० जुलै २०१४ रोजी सकाळी अतिवृष्टीने डोंगर खचला आणि माळीण हे आदिवासी बांधवांचे गाव मातीखाली गेले. १५० हून अधिक माणसे दगावली. २०१७ साली आमडे येथे नवी घरे उभी राहिली. घर बांधता येते. पण ज्याची माणसे डोळ्यांदेखत गेली, त्याचे मन कसे उभे राहावे?

थेरी पटाचारेची कथा आठवा. पती सर्पदंशाने गेला, तान्हे बाळ ससाण्याने नेले, थोरला मुलगा नदीत वाहून गेला. श्रावस्तीत वादळात माहेरचे घर कोसळून आई, बाप, भाऊ गेले. ती भान हरपून विवस्त्र फिरू लागली. लोकांनी तिला हाकलले. तथागतांनी तिला भगिनी म्हणून जवळ येऊ दिले. एकाने अंगावरचे वस्त्र दिले. ती सावरून बसली, तेव्हाच तथागतांनी तिला धम्म सांगितला. पुढे ती थेरी झाली आणि अनेक शोकग्रस्त स्त्रियांचा आधार बनली.

हा क्रम ध्यानात घ्या : आधी शरीर, मग मन, आणि दोन्हींना संघाची सोबत. सतिपट्ठानातही पहिली अनुपश्यना कायेचीच आहे.

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. संकटात छाती धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठतात. संकट सरले तरी शरीराचा पहारा उठत नाही. पावसाची सर आली की घाम फुटतो, झोप उडते, अन्न जात नाही, पोट दुखते. दरड असो, अपघात असो वा बिबट्याचा हल्ला, हे घडू शकते. ही भूतबाधा नव्हे, पूर्वजन्मीचे पापही नव्हे. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घराने अशा माणसाला देवऋषीकडे नेऊ नये.

त्याचबरोबर, पहिल्याच दिवशी ‘सर्व अनित्य आहे, रडू नका’ असे सांगणे ही करुणा नव्हे. भुकेल्या, जागरण झालेल्या माणसाच्या कानी ते पोचत नाही.

मग काय करावे?

१. वेळेवर गरम जेवण, झोपेची जागा आणि रात्री सोबत द्या.

२. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐका. खोदून विचारू नका.

३. त्याला रोज थोडे चालवा, हलके काम द्या. डोळे मिटून बसता भीती दाटत असेल, तर बळजबरीने ध्यानास बसवू नका. उघड्या डोळ्यांनी, पावलांकडे लक्ष देत चालणे हीही सतीच आहे.

४. दारू शांत झोप देत नाही, दुःख वाढविते. पाचवे शील येथे औषध आहे.

५. महिना उलटूनही त्रास राहिला, किंवा जीव देण्याची भाषा आली, तर तत्काळ डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

येत्या पंधरवड्यात वंदनेनंतर घरी एकच प्रश्न चर्चेस घ्या : आपल्या वस्तीत असे वस्त्र कोणाला हवे आहे, आणि ते घेऊन कोण जाणार?

जयभीम! नमो बुद्धाय!