गच्चीवरच्या दुर्मीळ सिनेमाचा हिशेब

कमल स्वरूप यांचा ‘ओम दर-ब-दर’ तयार झाला १९८८ साली आणि थिएटरात लागला जानेवारी २०१४ मध्ये. मधली पंचवीस वर्षं तो कॅसेटवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी असा हातोहात फिरत राहिला. माझ्या वाट्याला आलेल्या सीडीत अजमेरचं आभाळ हिरवट होतं आणि संवाद पाण्याखालून यावेत तसे येत होते. सीडी देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत. बघून झाली की आणखी एकाला दे, एवढीच त्याची अट होती. आता जवळजवळ प्रत्येक गोष्टीला दर लागला आहे आणि तो कुठे मोजायचा हे ठाऊक नसेल तर खिसा भलतीकडेच रिकामा होतो. माझा झालेला आहे, म्हणून हा हिशेब.

सुरुवात फुकटापासून करू. इंटरनेट आर्काइव्हवर हक्कमुक्त सिनेमांचा मोठा साठा आहे. त्यातला मी नवख्यांना हमखास सुचवतो तो ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’, १९६२ चा. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी औद्योगिक माहितीपट काढणाऱ्या हर्क हार्वीने तो सुमारे तेहतीस हजार डॉलरांत उरकला. ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावरचं ओसाड करमणूक केंद्र आणि चर्चमधल्या ऑर्गनचा घोगरा सूर, एवढ्या भांडवलावर तो आजही अंगावर काटा आणतो. जेमतेम सव्वा तास, संवाद थोडे, खर्च फक्त डेटाचा. एकाच सिनेमाच्या पाच-सहा फाइली तिथे दिसतात. पहिली दिसली ती उतरवू नका, आकाराने मोठी असेल ती घ्या.

मुबीसारख्या स्ट्रीमिंग सेवेला महिन्याला पाचशेच्या आत-बाहेर पडतात. दर बदलत राहतात, त्यामुळे आजचा आकडा ॲपवरच पाहावा. माझी पद्धत अशी: आधी वहीत वीस नावांची यादी करायची, त्यातली दहा तरी तिथे आहेत का ते पाहायचं, मगच एका महिन्याचे पैसे भरायचे आणि त्याच दिवशी ऑटो-पे बंद करून टाकायचं. वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते. पण असे सिनेमे तिथे काही महिन्यांपुरते मुक्कामाला येतात आणि निघून जातात, आणि आपण मात्र वर्षभराचे पैसे भरून बसलेले असतो.

गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवाची प्रतिनिधी नोंदणी गेल्या काही वर्षांत हजार रुपये अधिक जीएसटी अशी होती. आठवडाभर दिवसाला चार सिनेमे पाहिले तर एक सिनेमा पन्नास रुपयांच्याही आत पडतो. महाग पडते ती नोव्हेंबरातल्या पणजीतली खोली. पुणेकरांनी त्यापेक्षा आपल्याच गावचा पिफ महोत्सव गाठावा, रात्री घरी येऊन जेवता येतं. आणि वर्षभराची सोय हवी असेल तर फिल्म सोसायटी. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हे काम करत आलं आहे. अशा संस्थांची वार्षिक वर्गणी सहसा मल्टिप्लेक्सच्या मोजक्या तिकिटांत भागते, शिवाय सिनेमा संपल्यावर भांडायला माणसं मिळतात ती वेगळीच.

आता डिस्क. इथे पैसा पाण्यासारखा जातो.

ब्लू-रेला विभागांचं कुलूप असतं. अमेरिका ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये, भारत ‘सी’मध्ये. डीव्हीडीत हीच गोष्ट आकड्यांनी चालते: अमेरिका १, युरोप २, आपण ५. मी पहिली अमेरिकन ब्लू-रे मागवली तेव्हा डिस्क, टपाल आणि सीमाशुल्क मिळून साडेचार हजार गेले आणि माझ्या प्लेअरने पडद्यावर एका ओळीचा नकार दाखवला. दोष कोणाचा नव्हता, खोक्याच्या पाठीवरचं छोटं ‘ए’ मी पाहिलंच नव्हतं. लंडनच्या सेकंड रन या लहानशा कंपनीच्या ब्लू-रे बहुतेक कुठेही चालतात आणि पूर्व युरोपातले विस्मृतीत गेलेले सिनेमे तिच्याकडे भरपूर. फोर-के डिस्कला विभागच नसतो. जुन्या डीव्हीडीसाठी लॅपटॉपला जोडायचा ड्राइव्ह दीड हजारात येतो, तो आधी घ्या.

क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीच्या डिस्कची छापील किंमत बहुतेकदा चाळीस डॉलर. पण अमेरिकेत जुलै आणि नोव्हेंबरात त्या निम्म्या दराने मिळतात, आणि न्यू जर्सीहून सुटीला येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत चार डिस्क सहज मावतात. क्रायटेरियनच्या ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’च्या चौथ्या संचात उदय शंकर यांचा १९४८ चा ‘कल्पना’ आहे आणि इराणी दिग्दर्शक मोहम्मद रझा अस्लानींचा १९७६ चा ‘चेस ऑफ द विंड’सुद्धा. क्रांतीनंतर बंदी आलेल्या या सिनेमाची निगेटिव्ह २०१४ मध्ये दिग्दर्शकाच्या मुलाला तेहरानमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात सापडली. संच सव्वाशे डॉलरच्या घरात जातो. आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतला. तो कोणाच्या कपाटात राहायचा यावर मात्र अजून एकमत नाही.

‘अतिदुर्मीळ’ म्हणून समाजमाध्यमांवर डिस्क आणि पेन ड्राइव्ह विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. एकाला मी बाराशे रुपये पाठवले. आलं काय, तर टीव्हीवरून उतरवलेली प्रत, कोपऱ्यात चॅनेलचं बोधचिन्ह आणि मध्येच साबणाची जाहिरात. शिवाय ही चोरीच. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार?

इथवर सगळा एकट्याने पाहण्याचा खर्च झाला. इतरांना दाखवायचं म्हटलं की गणित बदलतं. आपण विकत घेतलेली डिस्क घरात पाहण्यापुरती असते. तिकीट न लावता सोसायटीच्या गच्चीवर फलक लावून दाखवली तरी हक्कधारकाची परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो, म्हणजे १९६२ चा सिनेमा २०२२ संपताना भारतात मोकळा झाला. नव्याने केलेली सबटायटल्स किंवा संगीत मात्र कोणाच्या तरी मालकीचं असू शकतं. जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं ते वेगळंच. म्हणून पहिला खेळ फिल्म सोसायट्यांच्या फेडरेशनशी संलग्न असलेल्या सोसायटीला जोडून करावा. वाटा त्यांना ठाऊक असतात.

परवानगीचा दर छापील नसतो. परदेशी वितरकांकडून मला आलेली उत्तरं एका खेळाला शंभर ते तीनशे युरो अशी होती. आपल्याकडचे दिग्दर्शक पुष्कळदा फुकट हो म्हणतात, बरेच दिवस कोणी विचारलेलं नसतं म्हणून. पण हो म्हणणाऱ्याकडे प्रत असेलच असं नाही. तेंडुलकरांच्या नाटकावरचा ‘घाशीराम कोतवाल’ १९७६ मध्ये युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने केला, के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशा मंडळींनी मिळून. पुण्याची गोष्ट, पण तिची प्रत जपली बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने, आणि डिजिटल रूपही तिथेच झालं. प्रतीच्या चौकशीत महिना-दोन महिने जातात, ते धरून चाला.

उरला गच्चीचा खर्च. गेल्या हिवाळ्यात ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ चाळीस जणांना दाखवला तेव्हाचा माझा हिशेब: प्रोजेक्टर एका रात्रीच्या भाड्याने १,२००, पडदा ४००, स्पीकर ६००, खुर्च्या दहा रुपयांप्रमाणे ४००, चहा ३५०. एकूण २,९५०, माणशी चौऱ्याहत्तर रुपये. प्रोजेक्टर विकत घ्यायची घाई करू नका. पाच-सहा हजारांच्या यंत्रांवर लुमेन्सचे प्रचंड आकडे छापलेले असतात, पण गच्चीवर शेजारच्या इमारतीचा एक दिवा लागला की चित्र गायब. घ्यायचाच असेल तर ‘एएनएसआय लुमेन्स’ विचारा; दुकानदार अडखळला तर निघून या.

केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा गटातल्या मंडळींनी गावोगाव चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले आणि त्यातून १९८६ चा ‘अम्मा अरियान’ उभा केला. आम्ही फक्त डबा फिरवला, तोही खेळ संपल्यावर. जमले २,६१०. तिकीट लावलं असतं तर जास्त जमले असते, पण मग कराची चौकशी आलीच.

मराठी सबटायटल्स हवी असतील तर सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. बोलक्या सिनेमात हजार-बाराशे ओळी निघतात, म्हणजे तीन शनिवार-रविवार. हे काम पैसे देऊन करून घेऊ नका. ओळ न ओळ तुम्हीच लिहिली असेल तर खेळानंतरच्या प्रश्नांना उत्तरं देता येतात.

परवानगीचं पत्र दोन महिने आधी धाडा. त्यात तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या, तिकीट आहे की नाही, आणि खेळानंतर फाइल पुसून टाकू हे सगळं लिहा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही आलं नाही तर दुसरा सिनेमा निवडा.