लहान मुलांचे घर : रोजचे चढउतार आणि धोक्याची खूण



घरात पाच वर्षांच्या आतली दोन मुले असली म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात तऱ्हेचे जातात. सोमवारी धाकटी खळखळून हसते, मंगळवारी तिचे दात शिवशिवतात, बुधवारी थोरल्याचे नाक वाहू लागते, गुरुवारी आईची झोप होत नाही, शुक्रवारी बापाचा पारा चढतो आणि रविवारी मिस्साला नेमके प्रवचन सुरू झाले की दोघेही एकदम सूर लावतात. शनिवारी काय झाले ते कुणालाच आठवत नाही. यात काही बिघडले आहे असे समजू नये. मुलांचे घर असेच चालते.

परंतु याच दिवसांत एखादा दिवस असा येतो की त्या दिवशी केलेला दोन तासांचा उशीर जन्मभर सलतो. वरवर पाहता तो इतर दिवसांसारखाच दिसतो. तोच खोकला, तेच जुलाब, तीच किरकिर. साधा दिवस कोणता आणि धावण्याचा दिवस कोणता हे कसे ओळखावे, याचा आज आपण विचार करू.

हबीबगंजच्या बाजूस राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांची अडचण थोडी निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली, नागपूरच्या कचेऱ्या इकडे आल्या आणि त्यांच्यामागे मराठी माणसेही आली. पुढे भेलच्या कारखान्याने आणखी माणसे आणली. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्टेशनला राणी कमलापती हे नाव मिळाले, तरी रिक्षावाल्याला आपण अजून हबीबगंजच सांगतो. आजही कितीतरी तरुण जोडपी गावची शेती भावाच्या हवाली करून येथे दोन खोल्यांत संसार मांडतात. गावाकडे मूल रडले की सल्ला द्यायला पाचजणी धावून येतात. येथे एकही नाही. मोबाइलमध्ये मात्र शंभर आज्या बसलेल्या आहेत आणि त्या शंभर तऱ्हेचे सांगतात. पाचजणी असोत की शंभर, घाबरलेल्या आईला हवी असते ती एकच जाणती बाई.

अशी जाणती बाई तयार करता येते, हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला दाखवून दिले. वेल्लोरला शिकून आलेल्या या दोघांनी १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी भागात काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या गरीब, बहुतेक निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. मुलाचे वजन करणे, त्याला काय खाऊ घालावे ते सांगणे, दवाखान्यात कधी न्यावे ते ओळखणे, हे त्या बाया शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायांना जे जमले ते आपल्या घरातल्या सुनेला आणि लेकाला का जमू नये? लेकाला असे आम्ही मुद्दाम म्हणतो. मुलाचा ताप हे बायकांचे खाते आहे असे धरून चालणारा बाप बैलाच्या किंवा ट्रॅक्टरच्या तब्येतीची मात्र चार वेळा चौकशी करतो.

पहिली गोष्ट पाठ करून ठेवावी ती चार खुणांची. मूल अंगावर पीत नाही किंवा पाणीही गिळत नाही. जे घेते ते सगळे ओकून टाकते. त्याला झटके येतात. किंवा ते मलूल पडते, हाक मारली तरी नीट डोळे उघडत नाही. यांतली एकही खूण दिसली तर घरी काढा उकळत बसू नये. रात्र असली तरी निघावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला किंवा त्याचे अंग गार पडले, तर तेवढ्यानेही निघावे.

या खुणा नसतील तर बहुतेक वेळा आपल्याजवळ विचार करायला वेळ असतो.

आता खाण्याचे पाहू, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त तक्रार याचीच येते. ‘आधी छान खायचा, आता तोंडच उघडत नाही.’ मूल किती वर्षांचे म्हणून विचारले तर हटकून सव्वा ते दीड. यात गणित आहे. तीन किलोचे बाळ पाचव्या महिन्याच्या सुमारास सहा किलोचे होते आणि वर्षाला नऊ किलोच्या आसपास जाते. म्हणजे एका वर्षात तिप्पट. पुढच्या सबंध वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढते. पेरणीनंतर झपाट्याने वर येणारे पीक पुढे तसेच वाढत राहत नाही, तसेच हे. वाढ मंदावली की भूक मंदावते. एक दिवस दोन पोळ्या खाईल, दुसऱ्या दिवशी दोन घासांवर उठेल. मागे ताट घेऊन पळू नये, नाक दाबून भरवू नये. बिस्किटांनी पोट भरू नये म्हणजे झाले.

मग काळजी कधी करावी? वजनाच्या कार्डावरील रेघ पाहावी. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली; तेथे वजन होते, पैसे पडत नाहीत. एका महिन्याच्या वजनावरून काही ठरत नाही. रेघ दोन-तीन महिने आडवीच राहिली किंवा खाली वळली, तर ते नखरे नव्हेत. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, भोपाळच्या मे महिन्यातसुद्धा वरचे पाणी लागत नाही. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, त्यात चमचाभर तेल किंवा तूप, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा, अंडे. नुसते वरणाचे पाणी पाजून बाळ वाढत नाही. डाळ भांड्याच्या तळाशी राहते आणि पाणी बाळाच्या वाट्याला येते.

सर्दी-खोकल्याचे असेच आहे. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. त्यांतल्या बऱ्याचशा पावसाळ्यात आणि थंडीत गाठतात, म्हणून आईला वाटते की आपले मूल सदा आजारीच. सर्दी आपल्या पायांनी येते आणि आठ-दहा दिवसांत आपल्या पायांनी जाते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पेज, अंगावरचे दूध, आणि वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला अर्धा चमचा मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये.

आणि बाटली? येथे आम्हाला थोडे थांबून सांगावेसे वाटते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात परासियाकडे, खोकल्याचे औषध घेतलेली वीसाहून अधिक लहान मुले दगावली. सौसर-पांढुर्ण्याच्या आपल्या लोकांना तो मुलूख परका नाही. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे, कारखान्यात वापरायचे विषारी रसायन निघाले. त्याने मूत्रपिंड निकामी होते आणि लघवी बंद होते. त्या घरांतल्या आईबापांनी काय वावगे केले होते? मुलाला खोकला झाला, दवाखान्यात नेले, औषध दिले. त्यांना बोल लावण्याचे कारण नाही. पण त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने जे पुन्हा बजावले ते आपण भिंतीवर लिहून ठेवावे : दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांच्या आतही ती सहसा देऊ नयेत. साध्या खोकल्याला त्यांचा फारसा उपयोगही नसतो. डॉक्टरांनी ‘औषधाची गरज नाही’ असे सांगितले तर फी वाया गेली असे मानू नये. त्याच सल्ल्याचे ते पैसे.

साधा खोकला आणि न्यूमोनिया यांत फरक कसा करावा? खोकल्याच्या आवाजावरून तो कळत नाही. श्वास मोजावा. मूल शांत असताना, पीत किंवा रडत नसताना, त्याचा सदरा वर करावा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येते ते पाहावे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त, असे भरले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना फासळ्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच मोजणे खेड्यांतल्या माणसांना शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नाहीत त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ यांचे एक साधन त्यांनी केले. मेळघाटात डंबा म्हणून पोटावर चटके देतात. शहडोलकडे दागना आहे. चटक्याने न्यूमोनिया तर जात नाहीच, मूल मात्र आणखी खचते. चुलीचा धूर हाही छातीचा वैरी आहे, थंडीत बाळाला चुलीजवळ निजवू नये.

जुलाबांनी मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावला आले आणि पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून ते तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईकच होते. आधी शंभरांतले सुमारे तीस रुग्ण दगावत. ते प्रमाण चारांच्या खाली आले. आपल्या घरात ठेवायचे जलसंजीवनीचे पाकीट हे त्याच उपायाचे आजचे रूप होय.

मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम कालवावे, अर्धेमुर्धे नव्हे, आणि ते पाणी चोवीस तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा पेला, मोठ्याला अर्धा ते एक पेला, चमच्याचमच्याने. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण चालूच ठेवावे. ‘पोटाला विश्रांती’ म्हणून मुलाला उपाशी ठेवणे हा आपल्याकडचा जुना घोटाळा आहे. त्यासोबत जस्ताची गोळी चौदा दिवस : सहा महिन्यांवरील मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. दुकानात फळांच्या चवीच्या गोड पेयांवर ओआरएस असे छापलेले असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. त्यांत साखर फार असते. पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेले आहे ना, ते वाचून घ्यावे. डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसू लागली, सहा तासांत लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर दवाखाना.

आता थोडे आईविषयी. धाकटे जन्मले की दोन-अडीच वर्षांचे थोरले पुन्हा अंथरुण ओले करते, भुईवर लोळण घेते, बाळाला हळूच चिमटा काढते. ते दुष्ट झालेले नाही. त्याची जागा गेली आहे. रोज अर्धा तास बापाने त्याला एकट्याला बरोबर घ्यावे, बांधावर न्यावे, नाक्यावर भाजी आणायला न्यावे, मारापेक्षा ते लवकर लागू पडते. आणि त्या अर्ध्या तासात आईला झोपू द्यावे, भांडी घासायला लावू नये. बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत बाईला उगाच रडू येते, ते आपोआप ओसरते. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ जवळ घ्यायला नको म्हणत असेल, झोप उडाली असेल, तर तो आळस नाही आणि ‘बाहेरचे’ही काही नाही. तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. सोयाबीनच्या कापणीत माणूस कमी पडते म्हणून अशा ओल्या बाळंतिणीला रानात काढणाऱ्या घरांना आम्ही काय म्हणावे?

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक गोष्ट असते, ती नोकरदाराच्या घरात नसते. गहू साठवताना किडीसाठी घालतात त्या सल्फासच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू निघतो आणि या विषावर उतारा नाही. दोन खोल्यांच्या घरात गव्हाची कोठी आणि मुलांची झोपायची जागा एकच असते. अशा खोलीत त्या गोळ्या कधीही वापरू नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे, कडुनिंबाचा पाला घालावा. फवारणीचे उरलेले औषध सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये, कारण तीन वर्षांच्या मुलाला बाटली ओळखू येते, वास नाही.

मुलाने असे काही प्यायल्याचा संशय जरी आला तरी मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. १०८ ला फोन करावा. हबीबगंजच्या बाजूला साकेत नगरचे एम्स आणि सरकारी जयप्रकाश जिल्हा रुग्णालय जवळ आहेत. जाताना ती बाटली किंवा डबी, तिच्यावरच्या चिठ्ठीसह, न विसरता बरोबर न्यावी.