थंडीत रानात जाताना सदरा कोणता घालावा?

दिवाळी उलटली, गव्हाची पेरणी आटोपली, की आपल्या नाशिक जिल्ह्यात थंडी जोर धरू लागते. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रावरील पाऱ्याची नोंद दरवर्षी वर्तमानपत्रांत ठळकपणे छापून येते. काही वर्षी हा पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरलेला आहे. ही थंडी गव्हाला मानवते, द्राक्ष बागायतदारांची झोप उडवते आणि आमच्या दवाखान्यातील गर्दी वाढवते.

सर्दी, खोकला व दमा यांविषयी या सदरात पूर्वी लिहिले आहे. आजचा विषय आहे अंगावरचा सदरा. डॉक्टरने कपड्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण त्यामागे एक प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत पहाटे साडेपाचच्या सुमारास साठी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याला त्यांच्या मुलांनी जीपमधून माझ्याकडे आणले. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती, म्हणून ते एकटेच गव्हाला पाणी भरायला गेले होते. पहाटे ते बांधावर बसलेले सापडले. बोलणे अडखळत होते, उभे केले तर पाय लटपटत होते. "डॉक्टर, बाबांना लकवा तर मारला नाही ना?" असे थोरला मुलगा पुनःपुन्हा विचारीत होता. बरोबरच्या एकाने "घेतली असेल थोडी" असेही हळूच सुचवले. गळ्यात तुळशीची माळ असलेला तो माणूस. दारूचा वासही नव्हता.

मी थर्मामीटर लावले. पारा पहिल्या रेघेपाशीच राहिला. "ताप नाही," असे मी बोलूनही गेलो. मग तपासताना पोटावर हात ठेवला, तर पोट थंडगार लागले. तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. पाऱ्याच्या साध्या थर्मामीटरवर साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या खालचे आकडेच नसतात. ताप किती चढला हे ते दाखवते. अंग किती गार पडले हे दाखवू शकत नाही.

त्यांच्या अंगात सुती बनियन, त्यावर सुती सदरा व सगळ्यात वर स्वेटर होता. बनियन आणि सदरा घामाने व पाटाच्या पाण्याने चिंब झाले होते. "स्वेटर तर घातला होता की!" मुलांना याचेच आश्चर्य वाटत होते. आम्ही ओले कपडे काढले, अंग टिपून कोरडे केले, ब्लँकेटमध्ये गुंडाळले, रक्तातील साखर तपासली आणि त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. चार दिवसांनी ते घरी परतले. वेळेवर सापडले म्हणूनच हे घडले.

स्वेटर असूनही अंग गार का पडले?

कपडा स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता आपले शरीर निर्माण करते. कपडा फक्त धाग्यांच्या मधे हवा अडकवून ठेवतो आणि ही स्थिर हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कपडा ओला झाला, की हवेच्या जागी पाणी येते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात वारा असला तर ओल्या कपड्यातील पाण्याची वाफ होताना आणखी उष्णता जाते. उन्हाळ्यात माठातले पाणी ज्या रीतीने गार होते, त्याच रीतीने थंडीत ओल्या सदऱ्यातला माणूस गार होतो.

शरीराच्या आतील तापमान साधारण ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले, की त्या अवस्थेला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो. ही केवळ हिमालयातील गिर्यारोहकांची व्याधी आहे, असा गैरसमज आहे. अंग ओले, वारा सुटलेला, पोट रिकामे आणि वय उतरते असेल, तर ती आपल्या शिवारातही गाठते. म्हणून थंडीतला सदरा दुकानात कोरडा असताना किती उबदार वाटतो, एवढ्यावरून निवडू नये. तो ओला झाल्यावर कसा वागेल, हे आधी पाहावे.

लोकरीचे वेगळेपण

सूत पाणी शोषते, अंगाला चिकटते आणि लवकर वाळत नाही. ॲक्रिलिक पाणी फारसे शोषत नाही व लवकर वाळते. कोरड्या थंडीत त्याने काम भागते. लोकरीचा गुण मात्र निराळा आहे. तिचा धागा मुळातच नागमोडी असल्याने त्यात भरपूर हवा राहते आणि दमट झाला तरी तो चटकन चपटा होत नाही. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के एवढी वाफ लोकर आत घेऊ शकते, तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय वाफ शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. आपले मेंढपाळ बांधव भर पावसात घोंगडी घेऊन रानात राहतात, ते याच गुणाच्या भरवशावर.

अर्थात लोकर पाण्यात पूर्ण भिजली तर जड होते व वाळायला वेळ लागतो. पाटात पडलेला लोकरी सदराही बदललाच पाहिजे.

सदरा घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात

१. कॉलरच्या किंवा शिवणीच्या आतील पट्टी वाचावी. 'वुलन' या नावाने विकले जाणारे पुष्कळ कपडे ॲक्रिलिकचे असतात. लोकरीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असेल तर उत्तम. लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या ट्रंकेत 'अंगोला' शर्ट असतो. त्याच्या कापडात लोकर व सूत दोन्ही असतात. असा जुना शर्ट घरात असेल तर टाकू नये.

२. शंका असल्यास शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळते व त्याची कडक काळी गोळी होते. सूत कागदासारखे जळते.

३. वीण घट्ट असावी. विणलेल्या स्वेटरपेक्षा मागावरच्या दाट कापडाचा सदरा वारा अधिक अडवतो. वारा फार असेल तर वरून रेनकोट चढवावा; काम करताना घाम येऊ लागला, की तो काढावा.

४. सदरा पूर्ण बाह्यांचा, मनगटाला बटण असलेला, कॉलरचा व वाकल्यावर कंबर उघडी न पडेल इतका लांब असावा. आत बनियन घालून हात वर करता आले पाहिजेत. घट्ट सदऱ्यात हवा राहत नाही, फार ढगळ्या सदऱ्यात वारा शिरतो.

५. पुढून बटणे असलेला सदरा डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा सोयीचा. फावडे चालवताना दोन बटणे उघडावीत, विसावा घेताना लावावीत. थंडीतला घामसुद्धा अंग भिजवतो, हे विसरू नये.

शेकोटीजवळ सावध

ॲक्रिलिक, पॉलिएस्टर यांसारखे कृत्रिम धागे ठिणगी पडताच वितळून कातडीला चिकटतात व जखम खोल होते. लोकर सहसा भडकत नाही, ती धुमसून विझते. शेकोटीभोवती बसताना कृत्रिम कापडाचे स्वेटर व मफलर आगीपासून दूर ठेवावेत. भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. चिकटलेला कपडा ओढून काढू नये. शाई, टूथपेस्ट वगैरे लावू नये.

रुग्णांच्या नेहमीच्या शंका

*लोकर टोचते, ती ॲलर्जी असते का?* बहुधा नसते. जाड धाग्याची टोके कातडीत रुततात, म्हणून खाज येते. आत पातळ कोरडे बनियन घालावे. ज्यांना इसब आहे, त्यांनी जाडीभरडी लोकर थेट अंगावर घेऊ नये.

*लोकरी सदरा परवडत नाही. मग?* एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कोरडे कपडे एकावर एक घालावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडे बनियन व सदरा बांधून रानात न्यावा आणि घाम आला, की आडोशाला जाऊन बदलावा. या उपायाला खर्च काहीच नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय हाच.

*धुवायचा कसा?* साध्या पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता. गरम पाणी व रगडणे यांनी लोकर आटते. पिळू नये, सावलीत आडवा पसरून वाळवावा.

*कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का?* ठेवल्यास तान्ह्या बाळाचे कपडे त्यांत मुळीच ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते. या गोळ्यांच्या वासाने त्यांच्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. मोठ्यांचे कपडेही आधी उन्हात चांगले झटकून मगच वापरावेत.

ही लक्षणे ओळखा

आधी हुडहुडी भरते. मग बोटे काम करीनाशी होतात, माणूस अडखळतो, बोबडे बोलतो, सुस्त होतो. अंग गार असताना हुडहुडी आपोआप थांबली, तर बरे वाटू लागले असे समजू नये. ती धोक्याची खूण आहे.

अशा माणसाला वाऱ्यापासून आत न्यावे. ओले कपडे काढून, अंग टिपून, डोक्यासकट कोरड्या पांघरुणात गुंडाळावे. हात-पाय जोरजोराने चोळू नयेत व आगीच्या अगदी जवळ नेऊ नये. पूर्ण शुद्धीवर असेल व नीट गिळता येत असेल तरच गरम गोड चहा द्यावा. दारू कदापि देऊ नये. तिने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि शरीराची उष्णता उलट अधिक वेगाने जाते. बोबडे बोलणे लकव्याचेही लक्षण असते. त्यामुळे घरी तर्क करीत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी आणखी एक जपावे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. पहाटे काम करताना छातीत दाटून आले, तर "गॅस असेल" म्हणून थांबू नये.

वर उल्लेखलेले ते गृहस्थ पुढच्या हिवाळ्यात रक्तदाब तपासायला आले, तेव्हा धाकट्या मुलाने शिवून आणलेला जाड लोकरी सदरा त्यांच्या अंगावर होता. मी सदऱ्याची चौकशी केली, तर म्हणाले, "सदरा तर आहेच डॉक्टर, पण आता रात्रीच्या पाण्याला पोरं मला एकट्याला जाऊ देत नाहीत." वाचकहो, ज्यांच्या घरातील वडीलधारी माणसे अजून रात्रीच्या पाण्याला जातात, त्यांनी त्यांना कोरडा सदरा तर द्यावाच, पण जमेल तेव्हा सोबतही जावे.