घर बांधताना शिकलेले धडे



घरभरणीच्या आशीर्वादासाठी आपण आम्हांला बोलावता तेव्हा घराचे सर्व काम आटोपलेले असते. त्या वेळी काही सांगून उपयोग नसतो. म्हणून ज्यांची घरे अजून कागदावर किंवा जोत्यापर्यंत आहेत त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत. नवा धर्मगुरुनिवास बांधताना आम्ही काही गोष्टी विचारून शिकलो, तर काही चुका करून शिकलो.

१) हिशेब : लूकच्या शुभवर्तमानात (१४:२८-३०) बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू सांगतो. आम्हीही बसलो होतो. परंतु आमच्या हिशेबात पाया, भिंती, स्लॅब आणि फरशी एवढेच होते. सांडपाण्याची टाकी, वीजजोडणी, कुंपण हे सारे आम्ही विसरलो. पैसे आटले तेव्हा गच्चीचा कठडा 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून मागे ठेवला. दर्शनी भागाचे ग्रॅनाइट मात्र यादीत तसेच राहिले.

२) कठडा : एका रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर मुले जिना चढून गच्चीवर गेली. एक मुलगा पतंगाकडे पाहत मागे मागे सरकत होता. कडा दोन पावलांवर असताना शिक्षिकेने त्याचा हात धरला. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. अनुवाद २२:८ मध्ये आज्ञा आहे की, नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. हे वचन आम्ही सेमिनरीत वाचले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. आपल्या घरात दुसऱ्याचा जीव सुरक्षित आहे का, असे देव विचारतो. दुसऱ्या दिवशी आम्ही जिना बंद केला, ग्रॅनाइट रद्द केले आणि कठड्याचे काम सुरू केले.

३) पाणी : मत्तयच्या शुभवर्तमानातील (७:२४-२७) दोन घरांची परीक्षा पावसाने आणि पुराने होते. वसईकरांना हे वेगळे सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये आपल्या तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली होता. आमच्या पहिल्या आराखड्यात मागचे बावखल भरून तेथे वाहनतळ करायचा होता. एका वयोवृद्ध धर्मग्रामस्थांनी एवढेच विचारले, "फादर, मग हे पाणी जाईल कुठे?" आमच्याकडे उत्तर नव्हते. बावखल पावसाचे पाणी साठवते, जमिनीत मुरवते, विहिरींना जगवते. ते बुजवून आपले जोते उंच केले तर पाणी शेजाऱ्याच्या ओटीवर जाणार. आम्ही आराखडा बदलला. वाहनतळ लहान झाला, बावखल राहिले.

४) मजुरी : हा धडा सांगताना आम्हांला लाज वाटते. एका शनिवारी संध्याकाळी चार मजूर दाराशी आले. दोन आठवड्यांची मजुरी मिळाली नव्हती. "आम्ही कंत्राटदाराला पैसे दिले आहेत, त्यालाच विचारा," असे सांगून आम्ही दार लावले आणि रविवारच्या प्रवचनाची तयारी करायला बसलो. समोर याकोबाचे पत्र उघडे होते : अडवलेली मजुरी देवापुढे ओरडते (५:४). अनुवाद २४:१५ तर मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यायला सांगते. आमचा व्यवहार कंत्राटदाराशी होता हे खरे. पण त्या भिंती ज्यांनी उभ्या केल्या ते हात याच माणसांचे होते. आम्ही त्यांना शोधून काढले, क्षमा मागितली, आणि पुढे दर शनिवारी मजुरीचे वाटप आमच्यासमोर होऊ लागले. आपणही विचारा. शिवाय बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मजुराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवून द्यायला आपल्याला काही खर्च येत नाही.

ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल घराचे उदाहरण देऊन सांगतो की, दगड, विटा, लाकूड हे घराचे द्रव्य. माणसांना आसरा देणे हा त्याचा हेतू. द्रव्याची यादी आपण कंत्राटदाराकडून घेतो. हेतू मात्र आपणच ठरवायचा असतो. स्तोत्र १२७ सांगते की, परमेश्वराने घर बांधले नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ जातात. तो बांधत असेल तर घराबाहेरच्या माणसाचाही त्यात विचार झालेला असतो.

कुटुंबात चर्चेसाठी :
१. आमच्या घरात वृद्धांना जिना न चढता राहता येईल अशी खोली आहे का?
२. आमच्या अंगणातील पाणी कोणाच्या दारात जाते?
३. हे घर बांधणाऱ्यांपैकी कोणाचे काही देणे राहिले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर आशीर्वादाची तारीख ठरवण्यापूर्वी ते देणे फेडावे, ही नम्र विनंती.

आपले प्रमुख धर्मगुरू