सुतक फिटतं, मग दुःख का फिटत नाही?

प्रश्न : वडील जाऊन सव्वा वर्ष झालं. दहावा गोदावरीवर शहागडला केला, तेरावा झाला, वर्षश्राद्धही झालं. वडील रात्रीची लाईट आली की उसाला पाणी द्यायला उठायचे. आता मोटारीला ऑटो स्विच बसवलंय, कुणी उठायची गरज नाही. तरी रात्रीच्या लाईटचा आठवडा आला की त्या वेळेला आई अंथरुणात उठून बसते. वडिलांच्या मोबाईलचा रिचार्ज बंद करू देत नाही. बाकी घरातली, गोठ्यातली कामं नीट करते, नातवंडांत हसते. पाहुणे म्हणतात, तिच्यासमोर त्यांचा विषयच काढू नका. सुतक दहा दिवसांचं, तेराव्याला गोडजेवण; मग दुःख किती दिवसांचं असतं? हे वेडाचं लक्षण तर नाही ना?
– एक वाचक, वडीगोद्री (ता. अंबड, जि. जालना)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, हे वेडाचं लक्षण नाही. तुमचे वडील अंधारात दार उघडून बाहेर पडायचे, तेव्हा आईंनाही जाग येत असणार. बॅटरी घेतली का, पायात चप्पल आहे का, विंचूकाट्याची रात्र आहे, अजून कसे आले नाहीत, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं अंथरुणात पडून केलेलं काम आहे. मोटारीला ऑटो स्विच बसवता येतं, त्या जागेपणाला कसं बसवणार?

आता दिवसांचा हिशेब. आपल्याकडे माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणि भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन येतात, घरच्यांना बळेच कडू घास भरवतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची, तेराव्याला गोडजेवण. हे दिवस ज्यांनी आखले त्यांनी दुःखाची मुदत ठरवली असं मला वाटत नाही. दुःखी घरात माणसं कोणकोणत्या दिवशी आलीच पाहिजेत, हे त्यांनी ठरवून ठेवलं. पहिल्या दिवाळीलाही पाहुणे येऊन जातात, ते त्यातलंच. घोटाळा पुढं होतो. माणसांचं येणं थांबतं, कापूस वेचायला येतो, उसाला तोड येते, ज्याला-त्याला आपापलं काम असतं. आणि नेमकं त्याच सुमारास, कागदपत्रं आणि देणी-घेणी उरकल्यावर, बाईला कळायला लागतं की माणूस खरंच गेला. सांत्वनाला सगळे असतात तेव्हा बधिरपणा असतो. बधिरपणा उतरतो तेव्हा ओट्यावर कुणी नसतं.

दुःखाचे पाच टप्पे असतात, असं तुम्ही मोबाईलवर कुठंतरी वाचलं असेल. आधी नाकारणं, मग राग, मग घासाघीस, मग खिन्नता आणि शेवटी स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९मध्ये पुस्तकात हे टप्पे मांडले, ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले आणि जिन्याच्या पायऱ्यांसारखे मोजले जाऊ लागले. मग आपलं माणूस ‘अजून तिसऱ्यातच अडकलंय’ अशी काळजी सुरू होते. तो हिशेब सोडून द्या.

तुमच्या आईंचं वागणं समजायला दुसरी एक मांडणी जास्त उपयोगी आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी ती १९९९मध्ये मांडली. दुःखातला माणूस दोन कामांमध्ये ये-जा करतो, असं ते म्हणतात. कधी गेलेल्या माणसाच्या आठवणीत जातो, कधी रोजच्या जगण्याकडे वळतो. दोन्हीकडे जाणं गरजेचं असतं आणि मध्ये थोडी उसंतही. धार काढताना, नातवाला भरवताना आई हसतात आणि त्याच रात्री उठून बसतात, यात विसंगती काहीच नाही. उलट ही ये-जा चालू आहे, हीच धीराची बाब आहे.

मोबाईलच्या रिचार्जचंही तेच. गेलेल्याशी असलेलं नातं तोडल्याशिवाय माणूस सावरत नाही, असं पाश्चात्त्य मानसशास्त्र बरीच वर्षं धरून चाललं होतं. १९९६मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते खोडून काढलं. नातं चालू राहतं, फक्त त्याचं रूप बदलतं, असं त्यांचं म्हणणं. क्लास यांनी त्यासाठी जपानमधल्या पूर्वजपूजेचाही अभ्यास केला. आपल्याला एवढ्या लांब जावं लागत नाही. पितृपक्षात आपण गेलेल्या माणसाच्या आवडीची भाजी करून पान वाढतो आणि त्याला कुणी वेड म्हणत नाही. तो रिचार्ज चालू ठेवा. नको असेल तेव्हा आईच सांगतील, आणि नाही सांगितलं तरी बिघडत नाही.

‘विषय काढू नका’ हा पाहुण्यांचा सल्ला मात्र मला साफ चुकीचा वाटतो. घरात सगळे त्यांचं नाव टाळू लागले की आईंना वाटतं, आठवण काढणारी मी एकटीच उरले. विषय काढायला मोठं बोलावं लागत नाही. यंदा खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे ठरवताना ‘वडिलांनी काय केलं असतं?’ असं आईंना विचारा. एवढी वर्षं त्या रानात त्याही राबल्या आहेत. त्यांना सांगता येईल. रडू आलं तर येऊ द्या. गप्प करायची घाई करू नका.

किती दिवस, याचं उत्तर एका पुस्तकातून देता येईल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी रमाबाई एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. सुरुवातीचा काळ त्या लोकांपासून दूर राहिल्या. पुढं येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, १९०९मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं १९१०मध्ये. नऊ वर्षांनंतरही त्या नवऱ्याबद्दल पानंच्या पानं लिहीत होत्या आणि त्याच काळात शेकडो बायकांसाठी शिक्षणाचं काम उभारत होत्या. त्यांना आपण ‘सावरली नाही’ म्हणू का?

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारतो. आईंच्या बांगड्या फोडल्या का? कुंकू पुसलं का? नवरा गेल्याचं दुःख बाईच्या वाट्याला एकटं येत नाही, मान जाण्याचं दुःखही सोबत येतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बोलावणं बंद होतं, नवरदेवाला ओवाळायला पुढं होता येत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला; कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं. त्याच महिन्यात, १७ मेला, राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. परिपत्रकानं गाव बदलत नाही, हे खरं. पण तुमच्या घरात पुढचं मंगलकार्य निघेल तेव्हा पहिलं औक्षण आईंनी करायचं, एवढं ठरवायला कुणाच्या ठरावाची गरज नाही.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. वारसाची नोंद तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायची असते. राहिली असेल तर आता करा, आणि मुलांबरोबर आईंचं नाव लागलंय याची स्वतः खात्री करा. हिंदू वारसा कायद्यानं मुलगा, मुलगी आणि विधवा यांचा हक्क सारखा आहे. ज्या बाईचं नाव कागदावर आहे, तिला म्हातारपणाची धास्ती थोडी कमी असते. दुःखात धास्ती मिसळली की ते फार जड होतं.

हे मिसळणं मराठवाड्यात आणखी ठळक दिसतं. शेतकऱ्याची आत्महत्या झालेल्या घरात बायकोला रडायलाही सवड नसते. पंचनामा, कर्जाचे कागद, सरकारी समितीपुढं प्रकरण पात्र की अपात्र, आणि एक लाखाची मदत, तीही थोडी रोख आणि बाकीची ठेवीत. वर ‘तुला आधी कसं कळलं नाही?’ असं विचारणारे नातेवाईक. तुमच्या गावात असं घर असेल तर तो प्रश्न कुणी विचारू नये, एवढं तुम्ही बघा.

आता आईंची काळजी कधी करायची, तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत लांबलेल्या दुःखाचा आजार २०२२पासून लागू आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र ओढ किंवा वेदना सतत राहते आणि माणसाचं रोजचं जगणं ठप्प होतं, तेव्हा डॉक्टर तसं म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ प्रौढांसाठी वर्षाची मुदत धरतात. आईंचं तसं दिसत नाही. पण जेवण तुटलं, अंघोळ-वेणीकडं दुर्लक्ष झालं, बीपी-शुगरच्या गोळ्या त्या मुद्दाम टाळू लागल्या, किंवा ‘मलाही आता जायचंय’ असं बोलू लागल्या, तर ‘म्हातारी माणसं बोलतातच’ म्हणून सोडू नका. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. छातीत दुखलं तर ते मनाचं म्हणून घरी थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे लागत नाहीत. तो तुम्हालाही चालेल.

कारण एवढ्या पत्रात तुम्ही स्वतःबद्दल फक्त मोटारीला ऑटो स्विच बसवल्याचं लिहिलंय. थोरल्या मुलाला दहाव्याला डोक्याचे केस काढायचे असतात, भात शिजवायचा असतो, अकराव्या दिवसापासून घर चालवायचं असतं. तुझं कसं चाललंय, असं त्याला कुणी विचारत नाही. वडील तुमचेही गेलेत. पुढचं पत्र तुमच्याबद्दल लिहा, त्यालाही उत्तर देईन.