जलतरणपटू डॉन फ्रेझर आणि तिचे शिक्षक

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या चरित्रपाठासाठी व शिक्षकांच्या मननासाठी)

बहुतेक प्रत्येक शाळेत एखादे मूल असे असते की, त्याच्याविषयीच्या तक्रारी कधी संपत नाहीत. ते सांगितलेले सरळ ऐकत नाही, उलट उत्तर देते, रांगेत नीट उभे राहत नाही आणि 'का?' असे विचारल्याखेरीज कोणतेच काम हाती घेत नाही. अशा मुलाच्या नावापुढे 'द्वाड' असा शेरा मनातल्या मनात मारला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तो पुसला जात नाही. हा शेरा मारण्यापूर्वी शिक्षकांनी ऑस्ट्रेलियातील जलतरणपटू डॉन फ्रेझर हिचे चरित्र एकवार वाचावे. ऑलिंपिक स्पर्धेत जलतरणाची एकच वैयक्तिक शर्यत लागोपाठ तीन वेळा जिंकण्याचा मान स्त्री-पुरुषांत सर्वप्रथम तिने मिळविला. तिच्यावरच शिस्तभंगासाठी दहा वर्षांची स्पर्धाबंदीही घालण्यात आली. या दोन्ही गोष्टींचे मूळ तिच्या एकाच स्वभावात होते.

बालपण

डॉनचा जन्म 4 सप्टेंबर 1937 रोजी सिडनी शहराच्या बॅलमेन या भागात झाला. हा भाग त्या काळी गोदीकामगार आणि कारागीर यांच्या वस्तीचा होता. वडील स्कॉटलंडमधून आलेले होते. घरची परिस्थिती बेताची, आणि आठ भावंडांत डॉन सर्वांत धाकटी. तिला लहानपणापासून दम्याचा विकार होता.

घराजवळच सागरी खाडीच्या काठी एक जुने जलतरण-कुंड होते. त्याला लाकडी बांधणीचे कठडे होते आणि भरती-ओहोटीबरोबर त्यातील पाणी खालीवर होत असे. याच पाण्यात डॉन पोहू लागली. पाण्यालगतची हवा दमट असते, आणि पोहताना श्वास ठराविक लयीने घ्यावा व सोडावा लागतो. त्यामुळे दम्याच्या पुष्कळ रोग्यांना धावण्यापेक्षा पोहणे अधिक सोसते. डॉनचा दमा पोहण्याने नाहीसा झाला, असे मात्र नव्हे. तो तिच्या सोबतीलाच राहिला. पण दमेकरी मुलगी म्हणजे कोपऱ्यात बसवून ठेवण्याची मुलगी, हा समज तिने खोटा ठरविला.

शिक्षक आणि शिष्या

हॅरी गॅलघर या जलतरण-शिक्षकांच्या दृष्टीस ही किशोरवयीन मुलगी पडली. तिच्या हातापायांतील सहज वेग त्यांनी ओळखला आणि तिला शिकविण्याचे मनावर घेतले. हे काम सोपे नव्हते. कोणाचा हुकूम मानणे डॉनच्या स्वभावातच नव्हते. ती गुरुजींना तोंडावर वाटेल ते बोले, चालती व्हा म्हणे आणि सांगितलेला सराव करण्याचे साफ नाकारी.

अशा वेळी दुसऱ्या एखाद्या शिक्षकाने तिला काढून टाकले असते, किंवा दरडावून वठणीवर आणण्याचा प्रयत्न केला असता. गॅलघर यांनी यांपैकी काहीच केले नाही. या मुलीला आज्ञा पचत नाही, परंतु आव्हान पचते, हे त्यांनी ताडले. 'अमुक इतके अंतर पोहून ये', असे ते तिला सांगत नसत. आजवर जगात कोणत्याही मुलीने असा सराव करून पाहिलेला नाही, मुलीला तो झेपेल की नाही हे सांगवत नाही, तुला जमेल का, अशा आशयाचे ते बोलत. मग डॉन हट्टास पेटे आणि दुप्पट कष्ट करून दाखवी. कामाचा कठोरपणा गुरुजींनी तिळभरही कमी केला नाही. ते काम कोणत्या शब्दांत पुढे ठेवावे, एवढेच त्यांनी बदलले. या पाठात शिक्षकांनी घ्यावयाचा मुख्य बोध हाच होय.

साठ सेकंदांचा बांध

डॉनची आवडती शर्यत 100 मीटरांची मुक्त शैलीची होती. हिच्यात जलतरणपटू पालथे राहून हात आळीपाळीने पुढे टाकतात, पाय कात्रीसारखे हलवितात, तोंड बाजूस वळवून श्वास घेतात आणि तो पाण्यात सोडतात. ऑलिंपिकचा तलाव 50 मीटर लांबीचा असल्याने एकदा वळून परत यावे लागते.

हॉलंडच्या विली डेन आउडेन हिने 1936 साली या शर्यतीत 64.6 सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. तो वीस वर्षे टिकला. फेब्रुवारी 1956 मध्ये अठरा वर्षांच्या डॉनने 64.5 सेकंदांची नोंद करून तो मोडला. फरक सेकंदाच्या एक दशांशाचाच होता, परंतु वीस वर्षे न हललेला दगड त्या दिवशी हलला. त्यानंतर काही महिने हा विक्रम तिच्याकडून इतरांकडे व इतरांकडून तिच्याकडे असा फिरत राहिला.

त्याच वर्षीच्या अखेरीस मेलबर्न येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. 1 डिसेंबर 1956 रोजी अंतिम शर्यतीत डॉनने 62.0 सेकंदांचा नवा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळविले. दुसरी आलेली लोरेन क्रॅप ही तिचीच देशभगिनी अवघी तीन दशांश सेकंदांनी मागे होती. 400 मीटरांच्या शर्यतीत हा क्रम उलटला. तेथे लोरेन पहिली आणि डॉन दुसरी आली. चार जणींच्या सांघिक शर्यतीत मात्र दोघींनी मिळून देशाला सुवर्णपदक मिळवून दिले.

स्त्रीने 100 मीटर अंतर एका मिनिटाच्या आत पोहून जावे, ही गोष्ट अद्याप कोणाला साधली नव्हती. ऑक्टोबर 1962 मध्ये डॉनने प्रथम बरोबर 60 सेकंदांची आणि नंतर चारच दिवसांनी, 27 तारखेस, 59.9 सेकंदांची नोंद केली. हा बांध फुटला तो असा. 29 फेब्रुवारी 1964 रोजी तिने ही वेळ 58.9 सेकंदांपर्यंत खाली आणली. हा विक्रम 1972 च्या आरंभी शेन गूल्ड या ऑस्ट्रेलियन मुलीने मोडीपर्यंत अबाधित राहिला.

रोममधील चूक

चरित्रपाठात केवळ गुणच सांगितले, तर मुलांना ते खरे वाटत नाहीत. 1960 साली रोम येथील ऑलिंपिकमध्ये डॉनने 100 मीटरांची शर्यत 61.2 सेकंदांत पुन्हा जिंकली. या शर्यतीतील सुवर्णपदक राखणारी ती पहिलीच स्त्री होय. परंतु त्यानंतर मिश्र सांघिक शर्यतीच्या प्राथमिक फेरीत बटरफ्लाय पद्धतीने पोहण्यास तिला सांगण्यात आले, तेव्हा तिने साफ नकार दिला. संघातील मैत्रिणी रागावल्या आणि त्यांनी तिच्याशी बोलणे टाकले. संघाचे काम हे सर्वांचे काम असते. तेथे स्वतःच्या मर्जीला दुय्यम स्थान द्यावे लागते. गॅलघर यांनी जागविलेली जिद्द तिला शर्यत जिंकून देऊ शकली, परंतु मैत्रिणींची मने सांभाळण्याचे शिक्षण तिला अजून मिळावयाचे होते.

आपत्ती आणि टोकियो

58.9 सेकंदांचा विक्रम होऊन थोडेच दिवस लोटले होते. मार्च 1964 मध्ये डॉन स्वतः मोटार चालवीत असता भीषण अपघात झाला. तिची आई त्यात मरण पावली आणि बहीण जखमी झाली. डॉनच्या मानेच्या मणक्यास इजा झाली व काही आठवडे तिची मान जखडून ठेवावी लागली. शरीराच्या जखमेहून मनाची जखम खोल होती. ऑलिंपिकला अवघे सात महिने उरले होते.

तरीही ती पुन्हा पाण्यात उतरली. ऑक्टोबरमध्ये टोकियोला गेली, तेव्हा तिचे वय 27 होते. जलतरणात त्या काळी हे वय एवढे मोठे मानले जाई की, संघातील मुली तिला थट्टेने 'आजीबाई' म्हणत. 13 ऑक्टोबर 1964 रोजी अंतिम शर्यतीत तिच्या बाजूला अमेरिकेची पंधरा वर्षांची शेरॉन स्टाउडर होती. ती डॉनच्या अगदी बरोबरीला आली होती. डॉनने 59.5 सेकंदांत शर्यत संपविली, शेरॉनला 59.9 सेकंद लागले. तीन ऑलिंपिक स्पर्धांत मिळून डॉनची चार सुवर्ण व चार रौप्य अशी आठ पदके झाली.

शिक्षा

याच टोकियोत तिच्या स्वभावाची दुसरी बाजूही दिसली. ज्यांची शर्यत लवकर आहे त्यांनी उद्घाटनाच्या संचलनात भाग घेऊ नये, असा व्यवस्थापकांचा आदेश असता ती संचलनात गेली. संघासाठी ठरवून दिलेला पोहण्याचा पोशाख सोयीचा नाही म्हणून तिने स्वतःचा जुना पोशाख घातला. पुढे एका रात्री सोबत्यांसह सम्राटांच्या राजवाड्याच्या परिसरातील ऑलिंपिक ध्वज आठवण म्हणून काढण्याच्या खोडीत ती पोलिसांच्या हाती सापडली. जपानी अधिकाऱ्यांनी तिच्यावर खटला भरला नाही. उलट तो ध्वज तिलाच भेट दिला.

तिच्या स्वदेशातील जलतरण संघटनेने मात्र 1965 मध्ये तिच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. सत्तावीस वर्षांच्या जलतरणपटूला दहा वर्षे दूर ठेवणे म्हणजे तिची कारकीर्दच संपविणे होय. ही बंदी मुदतीपूर्वीच उठविण्यात आली, परंतु 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या तयारीला पुरेसा वेळ तोवर राहिला नव्हता. मेक्सिकोत ही शर्यत जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जॅन हेन हिला बरोबर 60 सेकंद लागले. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून फार उंचावर असल्याने दोन ठिकाणच्या वेळांची सरळ तुलना करणे योग्य नाही. तरीही टोकियोतील डॉनच्या वेळेहून ही वेळ अर्ध्या सेकंदाने अधिक होती, हे विसरता येत नाही.

डॉनने नियम मोडले होते, याविषयी वाद नाही. परंतु अपराध आणि शिक्षा यांचे प्रमाण राखणे हे शिस्तीचेच एक अंग आहे. एका शिक्षकाने याच हट्टी स्वभावातून विश्वविक्रम घडविले, आणि पुढे अधिकाऱ्यांनी त्याच हट्टापायी त्या विक्रमांचे दार बंद केले.

उत्तरायुष्य

ज्या कुंडात ती पोहावयास शिकली, त्यास 1964 मध्ये तिचे नाव देण्यात आले. 1988 ते 1991 या काळात ती बॅलमेनमधून न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधानसभेवर अपक्ष सभासद होती. 2000 साली सिडनीस ऑलिंपिक भरले, तेव्हा मुख्य क्रीडांगणात ज्योत वाहून नेणाऱ्या मोजक्या स्त्रियांत तिचा समावेश होता. जिला एकदा दूर लोटले होते, तिलाच देशाने सन्मानाने पुढे आणले. एकच वैयक्तिक शर्यत लागोपाठ तीन वा अधिक ऑलिंपिकमध्ये जिंकण्याचा पराक्रम नंतर आणखी काही जलतरणपटूंनी केला, परंतु ती वाट पहिल्यांदा पाडली डॉनने.

वर्गात पाठ घेताना

1. नकाशात सिडनी, मेलबर्न, रोम, टोकियो व मेक्सिको ही शहरे मुलांकडून शोधून घ्यावीत.

2. गणिताच्या तासास हा पाठ जोडता येईल. मेलबर्नला डॉनने 100 मीटर अंतर 62 सेकंदांत, तर टोकियोला 59.5 सेकंदांत तोडले. 1956 ची डॉन आणि 1964 ची डॉन एकाच वेळी पाण्यात उतरल्या असत्या, तर दुसरी पोहोचली त्या क्षणी पहिली किती मागे असती? उत्तर सुमारे 4 मीटर येते. शाळेच्या अंगणात हे अंतर आखून दाखवावे. आठ वर्षांच्या मेहनतीचे फळ म्हणजे एवढी चार मीटर जमीन, हे मुलांना डोळ्यांनी दिसू द्यावे.

3. पाठ ऐकून मुले विहिरीकडे किंवा नदीकडे धावण्याचा संभव असतो. पोहण्यात तरबेज अशा मोठ्या माणसाच्या देखरेखीशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये, अशी स्पष्ट ताकीद द्यावी. दम्याच्या मुलांना वैद्यांच्या सल्ल्याखेरीज श्रमाचा व्यायाम देऊ नये. परंतु केवळ आजाराचे निमित्त करून त्यांना खेळांतून कायमचे वगळूही नये.

4. वर्गातील ज्या मुलाला आज्ञा रुचत नाही, त्याच्यापुढे एखादे काम आव्हान म्हणून ठेवून पाहावे. फळ्यावर सुवाच्य सुविचार लिहिणे, शाळेच्या बागेतील एक वाफा एकट्याने राखणे, लहान मुलांना पाढे शिकविणे, अशी कामे चालतील. महिनाभर हा प्रयोग करून काय फरक पडला, याची टिपणवहीत नोंद ठेवावी.

प्रश्न

1. डॉनच्या पोहण्याच्या शिक्षणात कोणत्या अडचणी होत्या?

2. गॅलघर गुरुजी तिला काम कसे सांगत? तसेच का सांगत?

3. रोममध्ये डॉनचे काय चुकले? तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

4. टोकियोतील वर्तनाबद्दल डॉनला दिलेली शिक्षा तुम्हांला योग्य वाटते का? कारणे देऊन पाच-सहा वाक्यांत लिहा.

चौथ्या प्रश्नाचे एकच ठराविक उत्तर नाही. मुलांची मते भिन्न होतील, ती तशी होऊ द्यावीत. वर्गातील सर्वांत द्वाड मुलाचे मत मात्र शिक्षकांनी आवर्जून विचारावे आणि ते पूर्ण ऐकून घ्यावे.